तळटीपेवर ऐंशी मिनिटं

१९७३ सालचे शेवटचे महिने. मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये 'येस' या ब्रिटिश बँडचा कार्यक्रम चालू आहे आणि कीबोर्डांच्या गराड्यात उभे असलेले रिक वेकमन कंटाळले आहेत. नव्या अल्बममध्ये चार रचना, एकेक वीस मिनिटांची, आणि त्यांत त्यांच्या वाट्याला काम बेताचंच. वाद्यांची देखभाल करणारा त्यांचा मदतनीस कार्यक्रमभर हॅमंड ऑर्गनखाली आडवा पडून असायचा, काही बिघडलं तर हाताशी असावा म्हणून. त्याने खालूनच विचारलं, कार्यक्रम संपल्यावर काय खाणार? वेकमन यांनी यादी दिली: चिकन विंदालू, पुलाव, पापड, भेंडीची भाजी, बॉम्बे आलू, स्टफ्ड पराठा. त्या गोंगाटात 'संपल्यावर' एवढंच काय ते त्या बिचाऱ्याला ऐकू गेलं नाही. थोड्या वेळाने मसाल्याचा वास सुटला आणि खालून एकेक डबा वर यायला लागला. वेकमन यांनी ते कीबोर्डांवर मांडले आणि भरल्या सभागृहासमोर जेवायला सुरुवात केली.

वेकमन हा किस्सा अजून सांगतात, आणि तिखटमीठ कमीजास्त होत असणार हे गृहीत धरून ऐकायचा. पण त्यातली अर्धी गंमत ब्रिटिश प्रेक्षकांच्या डोक्यावरून जात असणार. कारण भेंडीची भाजी खाली उतरत असताना मंचावर वाजत काय होतं? श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र. प्रत्येकाला रेकॉर्डची एकेक बाजू.

त्या अल्बमकडे येतोच. आधी ज्या निमित्ताने हे सगळं पुन्हा डोक्यात घोळायला लागलं, त्याबद्दल. प्रॉग म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक, लांबलचक रचनांची हौस असलेलं हे संगीत; त्यावरचा 'प्रॉग रॉक ब्रिटानिया' नावाचा दीड तासाचा माहितीपट बीबीसी फोरने जानेवारी २००९मध्ये दाखवला होता. मला तो बऱ्याच उशिरा एका मित्राच्या हार्ड डिस्कवर सापडला आणि अधूनमधून मी तो पुन्हा लावतो. त्याचं उपशीर्षकच 'तीन मूव्हमेंट्समधलं एक निरीक्षण' अशा थाटाचं आहे. म्हणजे ज्या संगीताबद्दल बोलायचंय त्याच्याच ऐटीची नक्कल. निवेदन नायजेल प्लॅनर यांचं. हे गृहस्थ 'द यंग वन्स' या विनोदी मालिकेत रडक्या हिप्पीचं काम करून घराघरांत पोचलेले, त्यामुळे तोंड उघडायच्या आधीच सूर ठरतो: लाडाने केलेली चेष्टा. समोर बोलायला माणसं मात्र अस्सल. रॉबर्ट वायट, माइक ओल्डफील्ड, किंग क्रिमसन या बँडची गाणी लिहिणारे पीट सिनफील्ड, फिल कॉलिन्स, कार्ल पामर, इयन अँडरसन, आणि अर्थातच वेकमन. उदय, भरभराट, आणि १९७७मध्ये पंकच्या, म्हणजे आखूड, आडदांड गाण्यांच्या नव्या रॉकच्या हातून पडझड, असे तीन अंक.

पहिल्या दोन अंकांबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसरा मात्र मला पटत नाही, आणि त्याचं कारण केवळ सनावळीचं नाही. या लोकांना हसण्यासारखं खूप आहे, पण हसू ओढवून घ्यायची त्यांची तयारी हीच त्यांची खरी कमाई होती, आणि माहितीपट नेमका तिथेच घाई करतो.

मुळात एवढी लांबी आली कुठून? फिरत्या तबकडीतून. ७८च्या वेगाने फिरणाऱ्या जुन्या रेकॉर्डच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावायची. आपल्याकडच्या जुन्या गवयांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला तो याच सक्तीपायी. १९४८मध्ये अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्लेइंग रेकॉर्ड काढली, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांची, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांची जागा झाली. कंपन्यांनी त्या जागेत सुरुवातीला नाटकं, सिंफनी आणि सुटी गाणी भरली. वीस मिनिटांचा एकसंध तुकडा आपणच लिहावा, असं रॉकवाल्या पोरांना वाटायला आणखी वीस वर्षं जावी लागली.

या प्रवासाचा वंशवृक्ष वेकमन यांनीच निवेदन केलेल्या दुसऱ्या एका माहितीपटात आहे. २०१६चा 'व्हेन पॉप वेंट एपिक', विषय फक्त कन्सेप्ट अल्बम, म्हणजे एकाच कल्पनेभोवती गुंफलेले अल्बम. तो सुरू होतो वुडी गथ्रींच्या १९४०मधल्या धुळीच्या वादळांवरच्या गाण्यांपासून, जी ७८च्या तबकड्यांच्या संचात निघाली होती. मग फ्रँक सिनात्रा, मग बीच बॉइज, मग बीटल्स. बीटल्सच्या 'सार्जंट पेपर'ला सगळेच पहिला मोठा कन्सेप्ट अल्बम म्हणतात, पण खुद्द लेननचं म्हणणं होतं की त्यातल्या आपल्या गाण्यांचा त्या कल्पनेशी काही संबंध नाही. मला विचाराल तर १९५५चा सिनात्राचा 'इन द वी स्मॉल अवर्स' जास्त एकजीव आहे. एव्हा गार्डनरशी फाटल्यानंतरची गाणी, सगळी एकाच जागरणाची. त्याला कोणी प्रॉग म्हणत नाही, कारण त्यात मेलोट्रॉन नाही.

मेलोट्रॉनवर मात्र थांबायलाच हवं. हे वाद्य म्हणजे कीबोर्डच्या वेषातला टेपरेकॉर्डर. बर्मिंगहॅममध्ये बनायचं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिनचा किंवा बासरीचा किंवा माणसांच्या समूहगानाचा एक सूर ध्वनिमुद्रित केलेला. पट्टी दाबली की टेप पुढे सरकते आणि सूर वाजतो. टेप आठ सेकंदांची. नवव्या सेकंदाला स्वर गायब. बोट उचललं की स्प्रिंग टेपला झटक्याने मागे नेते. म्हणजे ज्या वाद्याने या बँडना भव्य वाद्यवृंदाचा भास दिला, त्याचा दम आठ सेकंदांत संपायचा. वादकाला एक स्वर संपायच्या आत बोट दुसरीकडे न्यावं लागायचं, म्हणून मेलोट्रॉनची चाल अशी सावकाश सरपटत गेल्यासारखी वाटते. वर सूर टिकवायचं नाव नाही. किंग क्रिमसनचा १९६९चा पहिला अल्बम ऐकताना जे काळंकभिन्न आभाळ भरून आल्यासारखं वाटतं, ते या लंगड्या यंत्राचं. मला त्या संगीताचं सगळं सार या आठ सेकंदांत दिसतं. ऐपत आठ सेकंदांची, हौस वीस मिनिटांची.

आणि ती वीस मिनिटं सुद्धा फुकट मिळत नव्हती. एका बाजूवर जास्त वेळ कोंबायचा तर खाचा जवळजवळ कोराव्या लागतात, खाचा जवळ आल्या की आवाज मोठा ठेवता येत नाही. शिवाय सुई जसजशी आत सरकते तसतशी तिच्याखालून जाणारी खाच हळू पळते आणि बारकावे बोथट होतात. आता 'जेनेसिस' या बँडचं १९७२मधलं 'सपर्स रेडी' घ्या. तेवीसेक मिनिटांची रचना, सगळा चढ शेवटाकडे. म्हणजे जिथे स्वर्ग उतरायचा, तिथेच रेकॉर्ड सगळ्यात वाईट वाजणार. हे ध्वनिमुद्रकांना ठाऊक होतं. तरी चढ शेवटीच ठेवला.

आता त्या चार बाजू. मार्च १९७३मध्ये ड्रमर बिल ब्रुफर्ड यांच्या लग्नाच्या स्वागतसमारंभात 'येस'चे गायक जॉन अँडरसन यांची जेमी म्यूर यांच्याशी गाठ पडली. म्यूर किंग क्रिमसनमध्ये तालवाद्यं वाजवायचे, वाजवायचे म्हणजे साखळ्या आणि पत्रेसुद्धा. त्यांनी अँडरसन यांना परमहंस योगानंदांचं 'ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी' वाचायला सांगितलं. स्वतः म्यूर बँड सोडून स्कॉटलंडमधल्या बौद्ध मठात गेले. अँडरसन मठात गेले नाहीत, दौऱ्यावर गेले, आणि टोकियोच्या हॉटेलात ते पुस्तक वाचता वाचता ८३व्या पानावरच्या तळटीपेपाशी अडकले. शास्त्रं चार प्रकारची, श्रुती, स्मृती, पुराण, तंत्र, त्यांत धर्मापासून वैद्यक आणि वास्तुकलेपर्यंत सगळं येतं, अशी ती टीप. बस्स. अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ यांनी त्यावर आराखडा मांडला, आणि वर्ष संपायच्या आत 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' बाजारात आला. दोन रेकॉर्ड, सुमारे ऐंशी मिनिटं.

सत्यनारायणाला पाटावर बसलेल्या कोणालाही हे शब्द नवे नाहीत. गुरुजी संकल्प सांगताना 'श्रुतिस्मृतिपुराणोक्तफलप्राप्त्यर्थं' एका दमात म्हणून मोकळे होतात आणि आपण पळीतलं पाणी ताम्हनात सोडतो. दीड सेकंदाचं काम. लँकेशायरमधल्या अॅक्रिंग्टनच्या एका माणसाने त्याच्या ऐंशी मिनिटं केली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो. मग अल्बम ऐकला, आणि हसू ओसरलं नाही पण त्याचा पोत बदलला.

शास्त्रांचा त्या अल्बमशी संबंध किती, तर नावापुरता. शब्द धुकट आहेत. ओळी कानाला गोड लागतात आणि अर्थ विचारला की अंग चोरतात. रॉजर डीन यांचं मुखपृष्ठ तर आणखी मोकाट: माया संस्कृतीतलं चिचेन इत्साचं मंदिर, पेरूतल्या नाझ्काच्या रेषा, इंग्लंडमधले प्रसिद्ध दगड. भारत शोधून सापडत नाही. सांस्कृतिक उचलेगिरी वगैरे आजचे शब्द इथे वापरायचे तर वापरता येतील, पण उचलायला आधी हाताला काहीतरी लागावं लागतं. अँडरसन यांना शास्त्रं नको होतीच. त्यांना चार खणांची एक मांडणी हवी होती, एवढी मोठी की तिच्या नावाखाली सिंगल काढायचा विषयच निघू नये.

ध्वनिमुद्रण लंडनमधल्या मॉर्गन स्टुडिओत झालं. अँडरसन यांना ते एखाद्या खेड्यात जाऊन करायचं होतं, बाकीच्यांना शहर सोडायचं नव्हतं. तडजोड म्हणून स्टुडिओत गवताच्या पेंढ्या, लाकडी कुंपण आणि पुठ्ठ्याच्या गाई आणून उभ्या केल्या. शेजारच्या खोलीत 'ब्लॅक सॅबथ' हा बँड आपला अल्बम मुद्रित करत होता. वेकमन यांचा बराच वेळ तिकडेच गेला. सॅबथच्या एका गाण्यात त्यांनी वाजवलंही, आणि मोबदला बिअरमध्ये घेतला. समीक्षकांनी 'टेल्स'ला धुतलं, तो ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, आणि वेकमन यांनी १९७४मध्ये बँड सोडला.

सोडून त्यांनी साधेपणा पत्करला म्हणाल तर तसं मुळीच नाही. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवर वाद्यवृंद आणि गायकवृंद घेऊन एक अल्बम बँडमध्ये असतानाच करून झाला होता. त्याच वर्षी हृदयविकाराचा झटका आला, इस्पितळात पडल्या पडल्या राजा आर्थरवरच्या पुढच्या अल्बमचं लिखाण सुरू झालं, आणि १९७५मध्ये वेंब्लीच्या बंदिस्त स्टेडियममध्ये तो सादर केला. तिथे बर्फावरच्या कार्यक्रमासाठी रिंक तयार होता. मग सरदार आणि घोडे स्केट्सवर. वय वर्षं २६. या माणसाला कोणी विचारलं असतं की लोक हसतील, तर तो म्हणाला असता, हसू देत की. आज म्हातारपणी तो ते सगळं इतकं रंगवून सांगतो की ऐकणाऱ्याला वाटतं, याने हे सगळं विनोद म्हणूनच केलं असावं. तसं नव्हतं. विनोद नंतर आला, आधी मनापासून केलं होतं. माहितीपट वेकमन यांच्या मिश्कीलपणावर इतका खूश आहे की हा क्रम त्यात पुसला जातो.

याच्या अगदी उलट इयन अँडरसन. आडनाव तेच, नातं नाही. त्यांच्या 'जेथ्रो टल'चा १९७१चा 'ॲक्वालंग' हा कन्सेप्ट अल्बम आहे असं सगळे म्हणायला लागले, आणि ते नाही नाही म्हणून थकले. शेवटी चिडून म्हणाले असावेत, घ्या मग. १९७२चा 'थिक ॲज अ ब्रिक' म्हणजे चाळीस मिनिटांच्या वर चालणारं एकच गाणं, मध्ये फक्त रेकॉर्ड उलटवण्यापुरती सुट्टी. शब्द म्हणे जेराल्ड बोस्टॉक नावाच्या आठ वर्षांच्या मुलाच्या बक्षीसपात्र कवितेचे. कव्हर म्हणजे बारा पानांचं एक स्थानिक वर्तमानपत्र, त्यात गावच्या बारीकसारीक बातम्या, कोडी, खेळांचे निकाल, सगळं खोटं. कित्येकांनी जेराल्डला खरा मानला. थट्टा म्हणून केलेला हा अल्बम अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचला, आणि मला विचाराल तर प्रॉगमधल्या सर्वोत्तम तीन-चार अल्बमांत बसतो. थट्टा करायलाही त्यांना ते सगळं करावंच लागलं ना: सांधे, पुनरागमनं, तालबदल, बासरी. एवढं कष्टाने बांधलं की थट्टा आत राहते आणि इमारत उभी राहते.

पिंक फ्लॉइड या कंपूत असूनही नसल्यासारखे. कोल्ह्याचं मुंडकं आणि बायकोचा लाल झगा घालून गाणारे जेनेसिसचे पीटर गेब्रियल इथे नाहीत, आहेत ते अंधारात उभे चार गृहस्थ. 'डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) माझ्याकडे आधी कॅसेटवर होता. गायिका क्लेअर टोरी यांचा आवाज टिपेला जाऊन निवत निवत संपला की कॅसेट खट्‌कन थांबायची. उठायचं, उलटवायची, आणि मग गल्ल्याचा खणखणाट, 'मनी'. मृत्यू आणि पैसा यांच्यामधलं ते उठणं आता स्ट्रीमिंगवर उरलेलं नाही, एकातून दुसरं सरळ सुरू होतं. 'मनी' सात मात्रांचं म्हणून त्याचं तिकडे फार कौतुक. रूपक ताल ऐकत वाढलेल्यांना सातचं अप्रूप नाही. मला भावते ती फ्लॉइडचे गिटारवादक गिल्मर यांच्या गिटारची जागा. सॅक्सोफोन सातात वाजतो, आणि गिटार येताच ताल सरळ चारात उतरतो. वादकाला मोकळं वाजवता यावं म्हणून नियम बाजूला. असा व्यवहारीपणा 'येस'ला सुचला नसता.

टोरी यांचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्याजोगं नाही. रविवारी स्टुडिओत बोलावलं, शब्द नाहीत, चाल नाही, फक्त गा म्हणून सांगितलं. त्यांनी गायलं ते अख्ख्या अल्बमचं शिखर ठरलं. बिदागी ३० पौंड, रविवार म्हणून दुप्पट दराने. २००४मध्ये त्या कोर्टात गेल्या, २००५मध्ये तडजोड झाली, आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून त्यांचं नाव छापलं जातं. प्रॉगच्या इतिहासांत बायका इतक्या थोड्या दिसतात, त्यात हे एक.

तिसरा अंक. प्रॉग फुगला, पंकने टाचणी मारली, ही कथा दूरचित्रवाणीला फार सोयीची आहे. सनावळी तिला साथ देत नाही. किंग क्रिमसन सप्टेंबर १९७४मध्ये मोडला. वेकमन त्याआधीच बाहेर. गेब्रियल यांनी १९७५मध्ये जेनेसिस सोडलं. 'इमर्सन, लेक अँड पामर' हा बँड १९७४नंतर तीनेक वर्षं नव्या अल्बमशिवाय. पंकचा झेंडा मिरवणाऱ्या सेक्स पिस्टल्स या बँडची पहिली सिंगल आली नोव्हेंबर १९७६मध्ये. घर आधीच रिकामं झालं होतं. थकवा होता, अमेरिकेतले न संपणारे दौरे होते, आणि ज्या वीस मिनिटांत काय मावतं हे शोधायचं होतं, ते बरंचसं शोधून झालं होतं.

आणि जे परतले त्यांना कोणी हाकललं नाही. वेकमन 'येस'मध्ये पुन्हा आले आणि १९७७च्या ऑगस्टमध्ये, पंकच्या ऐन उन्हाळ्यात, 'गोइंग फॉर द वन' ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. त्यात 'अवेकन' ही पंधरा मिनिटांची रचना आहे. स्वित्झर्लंडमधल्या व्हेव्हेच्या चर्चमधला ऑर्गन वेकमन यांनी वाजवला, आणि तो टेलिफोनच्या तारेवरून माँत्रोच्या स्टुडिओत मुद्रित केला गेला. तळटिपेवर ऐंशी मिनिटं घालवलेली माणसं एवढ्यावर थोडीच सुधारणार.

दुसऱ्या बाजूचीही गंमत बघा. 'आय हेट' असं लिहिलेला पिंक फ्लॉइडचा टीशर्ट घालणारे सेक्स पिस्टल्सचे गायक जॉनी रॉटन जुलै १९७७मध्ये लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या रेकॉर्ड वाजवायला बसले, तेव्हा त्यांनी 'व्हॅन डर ग्राफ जनरेटर'च्या पीटर हॅमिल यांची गाणी लावली. व्हॅन डर ग्राफ म्हणजे प्रॉगमधलं सुद्धा कडू टोक. आणि सेक्स पिस्टल्सचा अल्बम काढणारी व्हर्जिन कंपनी उभी राहिली ती माइक ओल्डफील्ड यांच्या 'ट्युब्युलर बेल्स'वर, दोन बाजूंच्या, जवळजवळ शब्दहीन रचनेवर. त्या पैशावर पंक निघाला म्हणणं जरा ताणल्यासारखं होईल, पण फार नाही.

'टेल्स' ऐकायचाच असेल तर पहिल्या बाजूपासून सुरू करू नका, चौथीपासून करा. 'रिच्युअल'. तिच्या पोटात 'येस'च्या ख्रिस स्क्वायर यांची बेस गिटार रानटी होत जाते आणि मग तालवाद्यांचा असा काही धुमाकूळ चालतो की शास्त्रं, पुराणं, सगळी शुद्ध हरपते. मग पहिली. दुसरी बाजू वेळ असेल तर. तिसरी बरीचशी खडबडीत आहे, हाऊ यांची स्टील गिटार कानाला ओरखडे काढत राहते, पण शेवटच्या काही मिनिटांत ते ती खाली ठेवून साधी स्पॅनिश गिटार घेतात आणि अँडरसन तिच्यासोबत जवळजवळ एकटे गातात. तेवढ्यासाठी ती बाजू पूर्ण ऐकावी. थेट तिथे उडी मारून बघितली आहे, तसं ऐकलं की ते नुसतं एक बरं गाणं वाटतं.